पांढरा कावळा दिसला तर…

शहरात पांढरा पक्षी दिसला की तो बगळा किंवा कबुतर असणार, असे आपण गृहीत धरतो. आणि बहुधा ते खरेही असते. चबुतऱ्यावरील पांढरी कबुतरे तर माणसानेच निवडून वाढविलेल्या जातींची वंशज होत. परंतु कावळ्यांच्या थव्यात एखादा दुधासारखा शुभ्र कावळा बसलेला दिसला, तर क्षणभर थांबावे आणि प्रथम त्याचा डोळा पाहावा.

डोळा गुलाबी असेल तर तो अल्बिनो. त्याच्या शरीरात मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य तयारच होत नाही, म्हणून डोळ्यातील रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो. अशा पक्ष्याची दृष्टी अधू असते; तो फार काळ तगत नाही. त्यामुळे प्रौढ पांढरा कावळा बहुधा अल्बिनो नसतोच. डोळा नेहमीसारखा गडद असेल, तर रंगपेशीच पिसांपर्यंत पोहोचलेल्या नसतात. या जन्मजात अवस्थेला ल्युसिझम म्हणतात. काही पक्ष्यांची पिसे मात्र, आपले केस पिकावेत तशी, दर पीसगळीनंतर अधिकाधिक पांढरी होत जातात.

पंखांवर नुसतेच फिकट पांढरे पट्टे असतील, तर निकृष्ट आहार हेही कारण असू शकते. आहार सुधारला की नव्या पिसांत काळा रंग परततो. दुकान उघडताना कावळ्यांपुढे मूठभर फरसाण टाकणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे. त्याने पोट भरते, पोषण होत नाही.

पोपटाची गंमत निराळी. त्याचे पिवळे रंगद्रव्य वेगळे असल्याने मेलॅनिन नसलेला हिरवा पोपट पांढरा न होता पिवळाधमक होतो.

मेलॅनिन पिसांना बळकटीही देते; पांढरी पिसे लवकर झिजतात. शिवाय असा पक्षी शिकऱ्याच्या नजरेत चटकन भरतो. पण माझ्या मते त्याला खरे भय आहे ते आपल्या कौतुकाचे. ‘शुभ आहे’ म्हणून त्याला पकडून पिंजऱ्यात घालणे, ही त्या जिवाची हिंसाच होय. रानातला पोपट पकडणे वा पाळणे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

त्यापेक्षा वहीत नोंद करावी: तारीख, वेळ, ठिकाण, डोळ्याचा व पायांचा रंग, कोणती पिसे पांढरी. अशा नोंदींना मोल असते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्या पूर्वीपासून छापल्या जात आहेत. छायाचित्र दुरूनच घ्यावे, आणि घरटे कोणत्या झाडावर आहे ते चारचौघांत सांगू नये. दुसऱ्याच दिवशी झाडाखाली गर्दी जमते.