विश्लेषण : हवेची कयाक... खेळणे की बोट? फुगवताना, वल्हवताना आणि गुंडाळताना कोणती काळजी घ्यावी?

पिशवीत मावणारी, गाडीच्या डिकीतून नेता येणारी आणि पंधरा-वीस मिनिटांत पाण्यात उतरणारी हवेची कयाक आता ऑनलाइन खरेदीमुळे घराघरांत पोहोचू लागली आहे. धरणाच्या काठी किंवा खाडीत सुट्टीचा दिवस घालवायला ती उत्तमच. मात्र दिसायला ती पोहण्याच्या तलावातल्या खेळण्यासारखी असल्याने अनेक जण तिला तसेच वागवतात आणि अपघाताची सुरुवात तिथेच होते.

हवेची कयाक म्हणजे नेमके काय?

ही अरुंद, लांबट बोट असते. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. बहुतेक कयाकमध्ये हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे असतात. दोन बाजूंना दोन आणि तळाला एक. एक कप्पा फुटला तरी उरलेले कप्पे बोट तरंगती ठेवतात. जाड पीव्हीसी किंवा कापडाचे आवरण असलेल्या कयाक टिकाऊ असतात. एकच कप्पा असलेली, पातळ प्लास्टिकची स्वस्त बोट मात्र खोल पाण्यात नेण्यासाठी नसते. कयाकवर छापलेली वजनाची क्षमता ही माणसे आणि सामान मिळून असते. क्षमता १८० किलो लिहिली असेल तर ८० किलोची दोन माणसे बसल्यावर सामानासाठी फक्त २० किलो उरतात.

पहिल्यांदा कुठे फुगवावी?

घरी. नवी कयाक गच्चीवर किंवा हॉलमध्ये फुगवून एक दिवस तशीच ठेवावी. हवा थोडी कमी झाली तर ते तापमानातील फरकामुळे असू शकते. पण एखादा कप्पा मऊ पडला तर गळती शोधावी. शिवणीवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. काठावर पोहोचल्यावर हे कळले तर ‘चालेल की थोडा वेळ’ असा मोह होतो. तो टाळण्यासाठीच ही घरची तालीम.

हवा किती भरावी?

प्रत्येक कप्प्याचा दाब व्हॉल्व्हजवळ किंवा माहितीपत्रकात ‘पीएसआय’मध्ये दिलेला असतो. साध्या कयाकच्या कप्प्यांना साधारण १ ते ३ पीएसआय पुरतो. आतून धाग्यांनी विणलेला कडक तळ असेल तर त्याला यापेक्षा बराच जास्त दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, यावरून फरक लक्षात यावा. म्हणूनच पंक्चरवाल्याच्या किंवा पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने कयाक कधीही भरू नये. शिवण काही सेकंदांत उसवू शकते. हातपंप आणि दाबमापक हीच योग्य जोडी. कप्पे भरण्याचा क्रम माहितीपत्रकात असेल तसाच पाळावा.

जागा निवडताना जमीन आधी झाडून घ्यावी. आपल्याकडे काठावर बाभळीचे काटे आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा हमखास असतात. खाली ताडपत्री अंथरणे सगळ्यात सोपे.

उन्हाने कयाक फुटू शकते का?

हो. हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २५ अंश सेल्सिअसला २ पीएसआय भरलेली कयाक दुपारी काठावर ठेवली आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर कप्पा अजिबात ताणला जात नाही असे धरल्यास दाब सुमारे ३.४ पीएसआय होतो. म्हणजे दीडपटीहून अधिक. जेवायला थांबताना कयाक सावलीत ठेवावी किंवा प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडावी. उलट, थंड पाण्यात उतरल्यावर दाब घटतो आणि बोट मऊ पडते. त्यामुळे पाण्यात दहा मिनिटे ठेवून दाब पुन्हा तपासावा. मऊ कयाक मध्येच वाकते आणि तिला वळवणे कठीण जाते.

लाइफ जॅकेट कोणते घ्यावे?

उत्तम पोहणाऱ्यानेही ते अंगात घालूनच बसावे. बोटीत ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि काठाजवळच्या संथ पाण्यासाठी असते. पोहता येत नसेल तर किमान १०० न्यूटनचे घ्यावे. पट्टे आवळल्यावर कोणाला तरी जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीवर सरकले तर ते सैल आहे. मुलांसाठी त्यांच्या वजनाचे वेगळे जॅकेट लागते, दंडाला बांधायचे फुगे नव्हेत. जॅकेटला शिट्टी अडकवलेली असावी आणि मोबाइल जलरोधक पिशवीत अंगावरच असावा.

वारा इतका महत्त्वाचा का?

हवेची कयाक हलकी असते आणि पाण्यावर उंच तरंगते. त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. धरणांच्या जलाशयांवर सकाळी पाणी आरशासारखे असते, पण दुपारनंतर वारा सुटतो. नवशिक्यांनी ताशी १५ किलोमीटरपेक्षा अधिक वारा असेल तर उतरू नये. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघावे, म्हणजे दमल्यावर परतीला वाऱ्याची साथ मिळते. काठाकडून आत वाहणारा वारा सर्वात फसवा. काठाजवळ पाणी शांत दिसते आणि कयाक मात्र नकळत मध्यावर जाते. तळाला फिन बसवायला विसरू नये. तिच्याशिवाय कयाक सरळ जात नाही, गोल फिरत राहते.

आपल्याकडे कोणत्या पाण्यात धोका अधिक?

नवशिक्यांसाठी लहान, संथ आणि परवानगी असलेला जलाशय बरा. अनेक धरणांच्या पाण्यात उतरण्यास मनाई असते, त्यामुळे आधी चौकशी करावी. जलाशयात मासेमारीची जाळी आणि बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. नदीवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापासून दूरच राहावे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी गोल फिरत राहते आणि माणसाला जॅकेटसह पुन्हा पुन्हा आत खेचते. वरून पाहताना हा उतार निरुपद्रवी वाटतो. धरणाखालच्या नदीत पाणी अचानक वाढू शकते. भोंगा वाजताच काठ गाठावा. कोलाडजवळ कुंडलिकेतले राफ्टिंग सोडलेल्या पाण्यावरच चालते, तिथे हवेची साधी कयाक नेऊ नये. सांगलीची कृष्णा, महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांत मगरींचा वावर आहे.

खाडीत उतरायचे तर भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते. ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ही ओढ अधिक असते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ती कमी असते. स्थानिक कोळी बांधवांना विचारले तर कुठल्या वेळी कुठे उतरावे हे ते अचूक सांगतात. खडकांवरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यांना कयाक घासू देऊ नये. पावसाळ्यात तर कयाक घरीच बरी.

कयाक उलटली तर?

कयाक सोडू नये. ती तरंगते आणि दुरून दिसते, पोहणारे डोके दिसत नाही. आधी कयाक सरळ करावी. मग मधल्या भागाला धरून पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणावेत, जोरात पाय मारत पोटावर आत सरकावे आणि मग वळून बसावे. वाचून हे जमत नाही. पहिल्याच दिवशी, काठाजवळ छातीइतक्या पाण्यात, सोबत कोणी असताना चार-पाच वेळा सराव करावा. जमले नाही तर त्या दिवशी खोल पाण्यात जाऊ नये. संथ पाण्यात वल्हे दोरीने कयाकला बांधलेले असावे. वाहत्या नदीत मात्र अंगाला कोणतीही दोरी बांधू नये, कारण ती खुंटाला अडकू शकते. निघण्यापूर्वी काठावरच्या कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

गुंडाळून कशी ठेवावी?

निम्मे नुकसान इथेच होते. कयाक ओढत न नेता उचलून काठावर आणावी. खाडीत वापरली असेल तर गोड्या पाण्याने धुवावी. हवा सोडण्याआधीच, फुगलेली असताना पुसावी, कारण कप्प्यांच्या मधल्या खाचांत वाळू आणि पाणी साचते. सावलीत पूर्ण वाळवावी. ओली गुंडाळली तर आपल्या दमट हवेत आठवडाभरात बुरशी धरते. जलपर्णीचा तुकडा चिकटला असेल तर काढून टाकावा. एका तलावातली जलपर्णी दुसऱ्या तलावात अशीच पोहोचते. मग सर्व व्हॉल्व्ह उघडून, व्हॉल्व्ह नसलेल्या टोकाकडून सैलसर गुंडाळावी, म्हणजे उरलेली हवा बाहेर पडते. दर वेळी त्याच घडीवर दुमडू नये, तिथे भेग पडते. पिशवी उन्हापासून आणि उंदरांपासून दूर, शक्यतो उंचावर ठेवावी.

ठिगळ लावायचे असल्यास जागा स्वच्छ करून, त्या साहित्यासाठीचाच गोंद वापरावा आणि एक दिवस वाळू द्यावे. ठिगळ लावलेली कयाकही पुन्हा घरीच फुगवून, एक रात्र ठेवून तपासावी. त्यानंतरच ती पाण्यात न्यावी.