‘पास’ झालेली डिस्क

नीरा-बारामती रस्त्यावरचं वडगाव निंबाळकर म्हणजे नीरा डाव्या कालव्यावरचा ऊसपट्टा. इथल्या एखाद्या घरात स्टोरेज सर्व्हर ठेवायचा म्हटलं, तर जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्याला दोन हार्ड डिस्क आणि शेजारी इन्व्हर्टर, एवढ्यात काम भागतं. त्यात साठतं मात्र पुष्कळ: लग्नाचं शूटिंग, कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या, ठिबकच्या अनुदानाचे कागद, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. सातबारा पुन्हा काढता येतो. आजी गेल्यावर ओव्या कुठून आणणार?

या डिस्कच्या तब्येतीची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते. 1992 साली आयबीएमने आपल्या एएस/400 सर्व्हरच्या डिस्कमध्ये बिघाडाची आगाऊ सूचना देणारी सोय आणली. 1995 मध्ये कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन तिची सामायिक पद्धत सुचवली आणि तिच्यातून ‘स्मार्ट’ हे मानक तयार झालं. आज जवळजवळ प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये ते असतं. किती तास चालली, किती तापली, किती सेक्टर निकामी होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरावे लागले, हे सगळं ती मुकाट्याने लिहीत राहते. ते वाचायला कुणीतरी हवं.

लिनक्सवर ते वाचण्याची सोय करणाऱ्या माणसाचं काम मला फार मोलाचं वाटतं. ब्रूस ॲलन हे भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत ते गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी शेकडो साध्या संगणकांचा समूह चालवत होते. इतक्या डिस्क म्हटल्यावर त्यातल्या काही मरणारच. 2002 मध्ये त्यांनी आधीच्या एका प्रकल्पाच्या पायावर ‘स्मार्टमॉनटूल्स’ उभं केलं आणि सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवलं. ज्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या माहितीत त्यांचा समूह लहरी शोधत होता, त्याच लायगोची भारतीय वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढायच्या गणितावर कित्येक वर्षं काम केलं आहे. विश्वाची थरथर ऐकायला निघालेल्या माणसांच्या गरजेतून जन्मलेलं हत्यार आपल्या घरच्या ओव्या राखतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

स्मार्टमॉनटूल्समधला ‘स्मार्टडी’ हा राखणदार, वेगळं काही सांगितलं नाही तर, दर अर्ध्या तासाने डिस्कचे आकडे तपासतो. रोज रात्री छोटी चाचणी आणि आठवड्यातून एकदा संपूर्ण पृष्ठभाग वाचून काढणारी मोठी चाचणी, असं वेळापत्रकही त्याला लावून देता येतं. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत आटपते. मोठीला डिस्कच्या आकाराप्रमाणे कित्येक तास लागतात.

खरा घात होतो तो स्मार्टच्या तपासणीत मिळणाऱ्या ‘पास’ या शिक्क्याने. हा निकाल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर दिला जातो, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की डझनावारी सेक्टर गेलेली डिस्कही ‘पास’ होते. म्हणून शिक्का सोडावा आणि थेट आकडे बघावेत. 5 क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर, 197 म्हणजे संशयित, 198 म्हणजे वाचताच न आलेले. शून्यावरचा आकडा हलला आणि वाढतच राहिला, की नवी डिस्क मागवावी. 199 वाढत असेल तर आधी केबल बदलून बघावी. पुष्कळदा डिस्क निर्दोष असते. आपल्याकडे 192 वरही नजर हवी. अचानक वीज गेल्यावर डिस्कला आपलं हेड घाईने मागे घ्यावं लागतं, त्याची ती मोजणी. ती भराभर चढत असेल तर इन्व्हर्टर सर्व्हरला वेळेवर सांभाळत नाही, असं समजावं आणि छोटा यूपीएस बसवावा.

2007 मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत मरण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. मात्र मेलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून जास्त अशा होत्या, की तापमान सोडलं तर त्यांच्या एकाही आकड्याने चाहूल दिली नव्हती. म्हणजे स्मार्टडी कितीही जागा राहिला तरी ओव्यांची दुसरी प्रत हवीच, आणि तीही दुसऱ्या घरात, पुण्यातल्या भावाकडे किंवा बारामतीतल्या बहिणीकडे.

ओपनमीडियाव्हॉल्टसारख्या मोफत प्रणालीत हे सगळं माऊसने लावता येतं. फक्त स्मार्टचं पान उघडून देखरेख चालू करायची आणि सूचनांसाठी ईमेलचा तपशील भरायचा. पुष्कळ जण पहिलं करतात आणि दुसरं राहून जातं. मग राखणदार हाका मारत राहतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. डिस्क यूएसबीच्या डबीत असेल तर ती डबी आकडे पुढे पाठवते की अडवते, हेही बघून घ्यावं. शेवटी चाचणीचं पत्र पाठवून बघावं, आणि ते घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलवर आलं तरच काम झालं असं धरावं.