उभा डंपर उलटतो कसा?

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरणारे ट्रक निघतात. बाकीच्यांनी घरी थांबावं, अशा रात्रीच त्यांची ड्यूटी. आपल्याकडे पालीत बर्फ नाही, पण वाकण-पाली-खोपोली रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे भरायला खडी-कच आणणाऱ्या डंपरवाल्याचं काम तसंच. रस्ता सगळ्यात वाईट असतो तेव्हाच त्याने यायचं.

धोका फक्त गाडी चालवताना नसतो. माल ओतताना उभा डंपरही उलटतो.

गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा चाकांच्या मध्ये पडते, तोवर गाडी उभी राहते. समजा, गुरुत्वमध्य दीड मीटर उंचीवर आहे आणि साइडपट्टी खचून गाडी ५ अंश कलली. रेषा साधारण १३ सेंमी सरकेल. हौदा उचलल्यावर गुरुत्वमध्य ३ मीटरवर गेला, तर २६ सेंमी. उंची दुप्पट, सरकणंही दुप्पट.

त्यात कच ओली. कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. वाळूचा किल्ला टिकतो तो यामुळेच. एका बाजूचा माल घसरला, दुसऱ्या बाजूचा चिकटून राहिला, की वजन वरच्या वर एकीकडे जातं. त्या बाजूचं चाक आणखी रुततं, कल आणखी वाढतो.

म्हणून हौदा सपाट, कडक जागेवरच उचलायचा. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी बघायचं. माल अडकला तर झटके न देता हौदा खाली घ्यायचा.

आणि आपण? हौदा वर असताना शेजारून बाईक काढायची नाही. तो आपलाच खड्डा भरायला आलाय.