झोपलेला टीबी आणि उसाचा हंगाम

शंभरात ३१ आणि लाखात ३१६. राष्ट्रीय क्षयरोग पाहणीतले (२०१९ ते २०२१) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पंधरा वर्षांवरच्या शंभर भारतीयांपैकी सुमारे ३१ जणांना क्षयजंतूंचा संसर्ग झालेला होता. फुप्फुसाचा टीबी मात्र लाखात ३१६ जणांना. संसर्ग झालेल्या बाकीच्यांत जंतू सुप्त असतो. खोकला नाही, ताप नाही, आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला लागणही नाही.

श्वासातून आत गेलेल्या जंतूंभोवती संरक्षक पेशी जमतात आणि त्यांना कोंडून ठेवतात. हा पहारा बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर टिकतो. पाच ते दहा टक्के लोकांत तो कधीतरी ढिला पडतो, बहुधा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. एचआयव्ही, मधुमेह, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस ही त्याची कारणे. पाच वर्षांखालच्या मुलांत तर तो मुळातच कच्चा. आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण मात्र फार साधे आहे: अपुरे अन्न. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तर त्यांच्यातले नवे टीबी रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. शिधा हेही औषधच, असे आता पुराव्यानिशी म्हणता येते.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्याकडे पाहायचे ते इथून. दसरा-दिवाळीला तालुक्यातली जोडपी उचल घेऊन, लेकरांसह, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पहाटेपासून फडात राबणे, जेवणाची आबाळ, आणि रात्री पाचटाच्या एकाच कोपीत सगळे कुटुंब. त्यात एखादा खोकणारा असला, तर नवा संसर्ग आणि थकलेले शरीर एकाच जागी भेटतात.

रक्ताची किंवा त्वचेची चाचणी संसर्ग झाल्याचे सांगते. पुढे कोण आजारी पडेल, हे सांगत नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांना गोळ्या देण्यात अर्थ नाही. रुग्णाच्या घरातली माणसे, विशेषतः लहान मुले, आणि एचआयव्हीबाधित यांना प्रतिबंधक उपचार आधी मिळायला हवेत. तेही टीबी झालेला नाही याची खात्री करूनच, कारण आजार असताना अपुरे औषध घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. जुन्या पद्धतीत आयसोनियाझिड सहा महिने रोज घ्यावे लागते. म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. रिफापेन्टिनसोबत तेच औषध आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे पुरते. टोळीबरोबर फिरणाऱ्याला हा दुसरा मार्गच झेपेल, असे मला वाटते.

घरात कुणाला टीबी झाला असेल, तर निघण्यापूर्वी सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. उपचार चालू असेल तर आपला निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सोबत ठेवावा. त्यावर कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही औषधे पुढे चालू ठेवता येतात.