ट्रेलर उभा असतो तेव्हा…

भोसरीत बांधून घेतलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर सात वर्षं वापरतोय, त्यातून कळलेलं सांगतो. ट्रेलर धावतो कमी, उभा राहतो जास्त. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर उन्हानं वाळत जातं. माळशेज उतरताना आमचा टायर फुटला तेव्हा नक्षी नव्यासारखी होती, आणि मागच्या सीटवर मुलगी झोपलेली! टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. किलोमीटर नाही, ते बघा.

दुसरं, सामान. पाण्याचे कॅन पार मागे ठेवले की ट्रेलर डुलायला लागतो. वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर यायला हवा. आणि हो, छताचे सांधे मेमध्येच सील करा. चाकणच्या पावसात शिडीवर चढायची माझी हौस एकदाच फिटली.