कडू होण्याआधी

जालना जिल्ह्यात मोसंबीला तोटा नाही. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांतल्या बागांतून ती बाजार समितीच्या आवारात येते, तिथे तिचे ढीग लागतात, बोली होते आणि ट्रक भरून ती दूर उत्तरेकडे जाते. 2016 साली ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं असून या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात तिला चुलीजवळ कधी जागा मिळाली नाही. कैरीचं पन्हं होतं, मेथांबा होतो, लोणचं तर होतंच. चिंचेचं सार होतं, लाल भोपळ्याचे घारगे होतात. मोसंबी मात्र सोलून खायची किंवा रस काढून प्यायची, आणि दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असेल तर डझनभर पिशवीत घालून न्यायची. तिचं काही ‘करायचं’ असतं, हे फारसं कुणाला सुचलेलं नाही.

याला कारण आहे, आणि ते बागाईतदाराच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मोसंबीचा रस काढला की लगेच प्यावा. सकाळी काढून ठेवला तर दुपारी कडू लागतो. फळाच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात, पापुद्र्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत त्याला चव नसते. रस निघाला, त्यातल्या आंबटपणाशी या द्रव्याची गाठ पडली, की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि लिमोनिन कडू. ऊन लागलं, आच लागली की हे काम आणखी झपाट्यानं होतं. म्हणजे मोसंबी शिजवायला घेणं हे कडवटपणाला आमंत्रण देणंच.

मग केक कसा करायचा?

जालना शहरातल्या एका घरात याचं उत्तर गेली काही वर्षं दर सप्टेंबर-ऑक्टोबरात ओट्यावर मांडलं जातं. सासूबाईंचं माहेर अंबड तालुक्यातलं, बागेचं. सुनेच्या माहेरी केक व्हायचा तो वाळूच्या भांड्यात: खाली वाळू, वर भांडं, त्यावर झाकण, आणि ते सगळं गॅसवर. या घरात मोसंबीचा जो केक होतो तो या दोघींच्या मधे कुठंतरी तयार झालेला आहे. कृती सुनेच्या आईची, रव्याच्या केकची. मोसंबीचं शहाणपण सासूबाईंचं.

सुरुवात रसानं होत नाही, सालीनं होते. फळं धुऊन, फडक्यानं खसखसून पुसून कोरडी करतात. मग किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूवर फळ अलगद फिरवायचं, एका जागी दोनदा घासायचं नाही. रंगाचा जेवढा पापुद्रा आहे तेवढाच उतरला पाहिजे. या पापुद्र्यात तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात आणि मोसंबीचा वास म्हणून जो काही ओळखतो तो बहुतेक त्या तेलाचा. पांढरा भाग लागला की संपलं.

“अगं, हात हलका. पांढरं दिसलं की थांब,” सासूबाई खुर्चीवर बसून सांगतात. त्या स्वतः आता किसत नाहीत, पण नजर किसणीवरून हलत नाही.

“थांबले, आई.”

“फळ फिरव की मग.”

बहुतेक घरांत उलटं होतं: आधी रस काढतात आणि मग रिकाम्या सालीवरून किसणी फिरवायला जातात. साल दबते, सरकते, बोटं सोलतात आणि पांढरा भाग हमखास येतो. अख्ख्या फळाला पकड मिळते, म्हणून कीस आधी.

कीस तसाच पिठात जात नाही. तो साखरेत घालून बोटांनी चोळतात, दोन-तीन मिनिटं. साखरेच्या कडांनी तेलाच्या पिशव्या फुटतात, साखर ओलसर होते, तिला फिकट हिरवी झाक येते. हिरवी, कारण या दिवसांतली मोसंबी पिकली तरी हिरवीच असते. सालीतला हिरवेपणा उतरायला थंड रात्री लागतात आणि मराठवाड्यात त्या दिवाळीनंतर येतात. पिवळ्या फळाची वाट पाहणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला हे समजावता समजावता विक्रेत्याची दमछाक होते. साखर चोळून झाली की तीत कोमट तूप. वासाचं तेल पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतं, आणि तुपातून ते केकच्या कणाकणात जातं. हा क्रम सुनेनं कुठून उचलला ते तिला आता आठवत नाही. सासूबाईंच्या मते तुपानं वास धरतो यात नवीन काही नाही, फोडणी दुसरं काय असते?

प्रमाण वाटीचं आहे. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तूप, दोन मोसंब्यांचा कीस, अर्धी वाटी रस, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. अंडं नाही. वाटी कुठली, हा प्रश्न या घरात विचारायचा नसतो. ती एकच आहे, स्टीलची, तळाशी नाव कोरलेली, आणि तिनंच सगळं मोजलं जातं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं 1970 साली वाटी-चमच्याचं माप मराठी घरांत छापून पक्कं केलं, त्याचं एक कारण हेच असावं. वाटी लहान-मोठी असली तरी पदार्थांचं आपसातलं प्रमाण बिघडत नाही. वजनकाट्यावर केक करणाऱ्यांना हे पटत नाही. पण रव्याच्या केकपुरतं तरी वाटीनं भागतं.

दही कशाला, याचं उत्तर मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. सोडा फुलायला आंबट काहीतरी लागतं. मोसंबी नात्यानं लिंबा-संत्र्यांच्या घरातली, म्हणून तिच्या रसावर सोडा फुलेल असं वाटतं. पण लिंबाच्या मानानं मोसंबीत आंबटपणा फारच कमी, गोडव्याबद्दलच तर तिचं नाव आहे. नुसत्या रसावर भरवसा ठेवला तर सोडा अर्धवट उरतो, केक बसका होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. ते काम दही करतं. रस फक्त ओलाव्यापुरता आणि चवीपुरता, आणि तो अगदी शेवटी पिळायचा. मिक्सरमधून नाही. मिक्सरचं पातं बिया फोडतं आणि पापुद्रे दळतं, म्हणजे कडवटपणाचं सगळं सामान रसात येतं. इथे फळ आडवं कापून काचेच्या रसयंत्रावर हलक्या हातानं फिरवतात, बिया गाळणीत अडकतात आणि रस वाटीत थांबायच्या आधीच पिठात जातो. रव्यानं दही पिऊन फुगायला आधी अर्धा तास दिलेला असतो. रस, बेकिंग पावडर आणि सोडा पडला की मग कुणी फोन घेत नाही, दार उघडायला दुसरं कुणी जातं. मिश्रण भांड्यात, भांडं ओव्हनमधे. 180 अंश सेल्सिअस, पस्तीस ते चाळीस मिनिटं.

पंचविसाव्या मिनिटाला वास सुटतो आणि सुरी खुपसून पाहण्याचा मोह होतो. दार उघडलं की आतली उष्णता जाते आणि अजून न धरलेला मधला भाग खाली बसतो, म्हणून पस्तिसाव्या मिनिटाआधी दाराला हात लावायचा नाही. इथे सासूबाईंचा आणि ओव्हनचा जुना वाद आहे. त्यांच्या चुलीवरच्या हिशेबात पदार्थ झाकण काढून बघितल्याशिवाय झालाच नाही.

खरं तर ‘खालून आच, वरून आच’ ही मराठी घराला नवी गोष्ट नाही. कोकणात काकडीचं धोंडस असंच व्हायचं: पातेलं निखाऱ्यावर, वर झाकणात निखारे. मराठवाड्यात-विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. पुढं मध्यमवर्गीय घरांत ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणात काचेची खिडकी असलेला, आणि त्याच्या जोडीला वाळूचं भांडं. 2005 नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यात भारनियमनाचे तासच्या तास असायचे तेव्हा विजेचा ओव्हन कपाटावर गेला आणि वाळूचं भांडं खाली उतरलं. वाळू सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून तिच्यात केक करपत नाही, पण वरून रंग येत नाही. सुनेच्या आईचा केक वरून पांढुरकाच असायचा आणि तो तसाच आवडायचा. आता ओटीजीच्या वरच्या कांडीनं रंग येतो. तो जरा जास्तच येतो, असं घरातल्या जुन्या खवय्यांचं मत.

सालीचं काम मात्र केकवर संपत नाही. किसून झाल्यावर राहिलेली जाड पांढरी साल टाकून देण्यात काय हशील? तिचे बारीक चौकोन कापून पाण्यात उकळतात, पाणी फेकतात, पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी. तीनदा. कडवटपणा पाण्यातून निघून जातो आणि मागं उरतो तो पेक्टिनचा लवचीक गर. मग तो साखरेच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि जाळीवर सावलीत वाळवायचा. बाजारातली टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते, रंगवलेली आणि बिनवासाची. ही त्याहून कितीतरी सरस, किंचित कडवट शेवट असलेली. इतका कडू अंश मोसंबीला शोभतोही.

मोसंबीच्या आंबे बहराची, म्हणजे जानेवारीच्या फुलाची, फळं दिवाळीच्या तोंडावर येतात, त्यामुळे ही साल सरळ नानकटाईत जाते. नानकटाई घरी भाजायची पद्धत तशी अलीकडची. गावोगावच्या बेकऱ्यांत दिवाळीआधी पिठाचे डबे घेऊन बायकांची रांग लागायची, काही ठिकाणी अजून लागते. मैदा, पिठीसाखर, तूप आपलं, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. पाव काढून झाल्यावर लाकडाची भट्टी उतरणीला लागते. पावाला लागणारी तीव्र आच नानकटाईला सोसत नाही, उतरणीची बरोबर बसते. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची, तरी एखादा डबा बदलून येणारच, आणि मग शेजारणीच्या नानकटाईत तूप की डालडा याचा निकाल आपोआप लागायचा.

मोसंबीचे मुख्य बहर दोन. डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारीत खत-पाणी देऊन फुलं आणायची, तो आंबे बहर. मे महिन्यात ताण आणि जूनच्या पावसावर फूल, तो मृग बहर. त्याची फळं फेब्रुवारी-मार्चपासून. आंबे बहराला उभा उन्हाळा पाणी लागतं आणि जालन्यात नेमकं तेच नसतं. 2012-13च्या दुष्काळात लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवायचा प्रयत्न केला. कित्येक बागा तरीही वाळल्या आणि मोळीच्या लाकडात गेल्या. लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी झाड हाताशी येतं, म्हणजे वाळलेली बाग पुन्हा उभी करायची तर पोराची प्राथमिक शाळा संपेपर्यंत थांबायचं. सासूबाईंच्या माहेरची बाग त्या दुष्काळातून अर्धीच वाचली. त्याबद्दल त्या फार बोलत नाहीत, फळ हातात घेऊन वजन मात्र दोनदा पाहतात. ताण जास्त बसलेल्या वर्षी फळ लहान राहतं, मग दोनऐवजी तीन मोसंब्यांचा कीस पडतो. कृतीच्या वहीत आकडा दोनच आहे. तो कुणी खोडलेला नाही.

मोसंबीनंतर सीताफळ म्हणावं तर ते आणखी नाजूक. सीताफळाचा गर तापला की कडू होतो, म्हणून तर सीताफळ बासुंदीत गर दूध निवल्यावर घालतात. ओव्हनमधे त्याला घालणं म्हणजे फळ वाया घालवणं. या घरात साधा व्हॅनिला केक करून, पुरता गार झाल्यावर, मधोमध कापून त्यात साय आणि सीताफळाचा गर भरतात. बिया काढायला तास जातो. तो केक त्याच दिवशी संपवावा लागतो, आणि संपतोही.

द्राक्षांचा अनुभव वेगळा. कडवंची हे जालना तालुक्यातलं गाव, पाणलोटाच्या कामानं आणि द्राक्षबागांनी नावारूपाला आलेलं. तिथली ताजी द्राक्षं केकमधे घातली की फुटतात, त्यांचं पाणी सुटतं आणि भोवतीचा केक गिच्च राहतो. बेदाणे घ्यावेत, कोमट चहात भिजवून, पिळून, मैद्यात घोळवून, म्हणजे तळाशी बसत नाहीत. मोसंबीच्या रसात भिजवले तर? एकदा भिजवून रात्रभर ठेवले होते. सकाळी चाखून पाहिल्यावर ते परत धुऊन चहात गेले.

आचेला घाबरत नाही तो मराठवाड्याचा केशर आंबा. मेच्या मध्यापासून तो येतो, गर घट्ट आणि रंगानं गडद. त्याचा रस कढईत आटवून अर्धा करतात, कारण रसातलं पाणी केकला जड करतं. मग तो रव्यात, आणि दही पाऊण वाटीवर. साखरही कमी, किती कमी ते आंबा चाखून ठरतं. या केकला मोसंबीची खबरदारी लागत नाही, त्यामुळे जूनच्या सुट्टीत तो नातवंडांच्या हाती सोपवतात. रवा फुगायला ठेवलेल्या त्या अर्ध्या तासात आटवलेल्या रसाची कढई कोण पुसणार, यावरच जास्त भांडण होतं.