औषधांशी ओळख : चातुर्मासातला आयएनआर

हेपारिन आज नाही. कबूल केलं होतं हे खरं, पण बडोद्याच्या पाणीगेटमध्ये कम्युनिटी पोस्टिंग करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं, आणि त्यातल्या प्रश्नाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवणं मला जमेना.

तिच्या भेटीच्या यादीत एक मराठी आजी आहेत. मायट्रल झडप धातूची, अ‍ॅसिट्रोम वर्षानुवर्षं चालू. ज्येष्ठात आयएनआर २.८ होता, श्रावण लागताना ४.६ आला. गोळी एकही चुकलेली नाही, जास्तीची घेतलेली नाही, अँटिबायोटिक नाही, दुखण्यावरची गोळी नाही. ‘मग वाढला कशानं?’ असं ती विचारते.

आजींनी आषाढी एकादशीला शाकव्रत धरलं होतं. महिनाभर पालेभाजी बंद, त्यातच सोमवार-शनिवारचे उपवास.

गेल्या आठवड्यात कार्ल पॉल लिंकच्या प्रयोगशाळेतून निघालेलं वॉरफरिन हे रसायन यकृतात काय करतं ते पाहिलं. दोन, सात, नऊ आणि दहा हे घटक कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून घेतं, आणि वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम नेमकी तीच वाट अडवतं. त्यामुळे ताटातून रोज नवं के किती येतं, याला फार महत्त्व येतं. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज शंभरच्या आगेमागे. मेथी, अळू, कोथिंबीर याच गोत्रातली. उलट साबुदाणा आणि बटाटा यांत ते जवळजवळ नाहीच. म्हणजे गोळी तीच राहिली, पण तिला तोलून धरणारं पारड्यातलं वजन आषाढात उतरलं.

बडोद्यात हा विषय आणखी रुंद आहे. शेजारच्या पोळीतल्या जैन घरांतून पालेभाजी चारही महिने बंद असते. आणि पौषात उत्तरायण आलं की उलटी गंगा: हिरवा लसूण, मेथीची मुठियां, भरपूर कोथिंबीर घातलेलं उंधियुं, तेही दोन-तीन दिवस पुरवून पुरवून. तेव्हा आयएनआर खाली सरकू शकतो. तेलाकडेही लक्ष असू द्या. शेंगतेलात के नगण्य असतं, सोयाबीन तेलात चांगलंच असतं. घरात डबा बदलला, तर तीही वहीत लिहिण्याजोगी गोष्ट आहे.

चढलेल्या आयएनआरची भीती सगळ्यांना असते, आणि ती असावीच. हिरड्या, लघवीचा रंग, काळी शौच, डोक्याला लागलेला मार हे विचारल्याशिवाय उठू नका. रक्तस्राव नसेल तर बहुधा एखादा डोस गाळून किंवा मात्रा उतरवून भागतं. तो निर्णय डॉक्टरांचा. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या महिन्याची. श्रावणात मात्रा कमी केली, व्रत सुटलं, आजी पुन्हा अळूचं फदफदं खायला लागल्या, आणि मात्रा मात्र तीच कमी केलेली राहिली. रक्त गोठू लागतं आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरते. अशा झडपेचा टिकटिक आवाज स्टेथोस्कोपशिवायही कधीकधी ऐकू येतो. तो दबला, किंवा रोग्यानेच ‘हल्ली आवाज येत नाही’ म्हटलं, तर त्याच क्षणी वरिष्ठांना कळवायचं. म्हणून व्रत संपल्यावरची तपासणी व्रत चालू असतानाच ठरवून टाका.

नवी औषधं द्या की, असं कुणी म्हणेल. धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. डॅबिगाट्रानची रीअलाइन ही चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. तिचा अहवाल २०१३ चा. संधिवाती तापाने झडप बिघडून एट्रियल फिब्रिलेशन झालेल्यांमध्येही २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात रिव्हरॉक्साबानपेक्षा जुनीच गोळी सरस ठरली. आपल्याकडे हे रोगी कमी नाहीत, तेव्हा ताटाची चौकशी आपल्या कामातून इतक्यात जाणार नाही.

ती करायची कशी? ‘पालेभाजी खाता का?’ असं विचारलं की आजी ‘खाते की’ म्हणणार, आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. बऱ्याच घरांत अ‍ॅसिट्रोमची मात्रा त्याच्याच चौकटीत पेनाने लिहिलेली असते: आज एक, उद्या दीड. त्याच चौकटीत एकादशी आणि चतुर्थीही छापलेली असते. बोट ठेवून विचारा: या दिवशी काय खाल्लं, आधल्या दिवशी काय? एका नजरेत औषध आणि आहार दोन्ही हाती येतात. आणि व्रत मोडा असं आपण म्हणायचं नाही. पालेभाजी सोडा असंही म्हणायचं नाही. ही चूक डिस्चार्जच्या वेळी सर्रास होते. खाण्याचं प्रमाण आठवड्यामागून आठवडा सारखं राहावं, आणि बदलणार असेल तर आधी कळवावं, एवढंच सांगायचं.

पाणीगेटला आणखी एक प्रश्न जोडा. सरकारी आयुर्वेद रुग्णालय तिथून जवळच आहे, आणि एकच रोगी दोन्हीकडची औषधं घेतो. गुग्गुळ, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, काढा, काय चालू आहे ते मोकळेपणाने विचारा आणि केसपेपरवर नावानिशी लिहा. आवाजात जाब आला की पुढच्या वेळी ती पुडी लपवली जाते.

आता हेपारिन पुढच्या आठवड्यात नक्की. वाचायला बसताना एपीटीटीचा तक्ता आणि प्रोटामिनची मात्रा समोर ठेवा, दोन्ही लागतील.